नागपूरला उतरणारी रात्र

आमच्या आजोळी, नागपूरला, माजघरातल्या खुंटीला पत्रांची एक जाड तार अडकवलेली असे. आलेले पत्र वाचून झाले की त्या तारेत टोचून ठेवायचे, ही घराची रीत. आजोबा टपालखात्यात होते, त्यामुळे पत्रे फेकणे त्यांना पाप वाटे. त्यांच्या पश्चात घर आवरताना ती तार आमच्या हाती आली. आम्ही पत्रांतला मजकूर बाजूला ठेवून शिक्के वाचत बसलो. सवय संशोधनाची, दुसरे काय! टपालाच्या पाकिटावर सहसा दोन शिक्के असत. एक पत्र टाकले त्या गावचा, दुसरा ते पोहोचले त्या गावचा. पन्नाशीच्या दशकातल्या कितीतरी पाकिटांवर या दोन शिक्क्यांत एकाच दिवसाचे अंतर होते. कलकत्त्याला आज टाकलेले पत्र उद्या नागपुरात, आणि तेही साध्या तिकिटावर. त्या काळी कलकत्ता मेलला मुंबईहून हावड्याला जायला दीड दिवसाहून अधिक वेळ लागे. मग ही पत्रे आली कशी?

याचे उत्तर आजोबांनी आम्हाला लहानपणी अनेकदा दिले होते, पण तेव्हा ते गोष्टीसारखे ऐकले. काही वर्षे त्यांची रात्रपाळी सोनेगावच्या विमानतळावर असे. मध्यरात्रीनंतर चार दिशांनी चार डाकोटा विमाने येऊन उभी राहत. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास. थैल्यांची अदलाबदल होई, उतारू डोळे चोळत चहा पीत एका विमानातून दुसऱ्यात जात, आणि पहाटेच्या आत चारही विमाने आली तशी आपापल्या गावी परत. आजी म्हणे, शेवटच्या विमानाची घरघर विरली की थोड्या वेळाने बंब पेटवायला उठायचे. (गावांची नावे आम्ही या लेखात त्या काळची ठेवली आहेत.)

ही भारताची रात्रीची हवाई टपालसेवा. ती १९४९ साली सुरू झाली आणि १९७३ पर्यंत चालली. तिच्यात भूमितीही आहे, पदार्थविज्ञानही आहे आणि एक कडवट वादही आहे. जुन्या विमानांच्या आठवणी काढताना लोक हळवे होतात. आम्हीही होतो. पण हळवेपणाच्या भरात त्या वादाची आठवण बुजू नये, असे वाटते.

चिखलातून डाकोटापर्यंत

आपल्याकडे टपाल आणि विमान यांची जोडी जुनीच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एका इंजिनाचे छोटे ‘पस मॉथ’ विमान घेऊन निघाले, अहमदाबादला उतरले, तिथे बैलगाडीतून आणलेले पेट्रोल भरून घेतले आणि मुंबईला जुहूच्या मैदानात टपाल उतरवले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. जुहूची जमीन समुद्राकाठची, सखल. पावसाळ्यात तिथे चिखल होई, म्हणून त्या चार महिन्यांत टपालसेवा पुण्याला हलवावी लागे. प्रवासी जवळपास नव्हतेच. विमान मुख्यतः टपालाच्या पैशांवर उडे.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. युद्धासाठी अमेरिकेने डग्लस कंपनीचे डीसी-३ हे विमान सी-४७ या लष्करी रूपात हजारोंनी बनवले. ब्रिटिशांनी त्याला डाकोटा म्हटले आणि आपल्याकडे तेच नाव रुळले. युद्ध संपल्यावर आसाम आणि बंगालच्या तळांवर ही विमाने उरली आणि स्वस्तात विकली गेली. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने कित्येक विमाने दुरुस्त केली, आतली लष्करी बाके काढून खुर्च्या बसवल्या. विमाने स्वस्त आणि वैमानिक युद्धातून परतलेले, म्हणून जो तो विमान कंपनी काढू लागला. त्यांपैकी बऱ्याच कंपन्या तोट्यात होत्या. १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने नेमके हेच दुखणे सांगितले: आकाश मोठे, पण गिऱ्हाईक थोडे. शेवटी १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन उभे राहिले. त्याच्याकडे आलेल्या सुमारे शंभर विमानांत सत्तरांहून जास्त डाकोटाच होती.

या विमानाविषयी थोडे सांगायलाच हवे. पहिले डीसी-३ उडाले १७ डिसेंबर १९३५ रोजी, राइट बंधूंच्या उड्डाणाला बरोबर बत्तीस वर्षे झाली त्या दिवशी. पंखांची रुंदी २९ मीटर, लांबी साधारण २० मीटर. शेपटीखाली एक छोटे चाक, त्यामुळे उभे असताना विमान नाक वर करून बसलेले असे आणि मागच्या दाराने आत शिरलेला उतारू चढण चढून आपल्या खुर्चीपर्यंत जाई. दोन इंजिने, प्रत्येकात चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन वर्तुळांत मांडलेले. इंजिनाच्या नावातच त्याचे माप होते: आर-१८३०, म्हणजे १८३० घन इंच, आपल्या भाषेत ३० लिटर. एवढ्या आकारमानातून ताकद मिळे १२०० अश्वशक्ती. लिटरमागे चाळीस. आजची साधी छोटी मोटार लिटरमागे साठ-सत्तर अश्वशक्ती सहज देते. मग डाकोटाचे इंजिन मागास होते का? तसे नाही. मोटारीचे इंजिन पूर्ण ताकदीने क्वचितच आणि क्षणभरच चालते. या इंजिनाला तासन् तास निम्म्याहून अधिक ताकदीने चालायचे असे, तेही पाण्याशिवाय, नुसत्या वाऱ्यावर थंड होत. शिवाय दोन्ही इंजिने मिळून ताशी तीन-साडेतीनशे लिटर पेट्रोल पीत. ‘तेल गळत नसेल तर तेल संपले आहे असे समजा’, हा या इंजिनांविषयीचा विनोद यंत्रशाळांत सर्रास चाले.

डाकोटा टिकले ते मात्र इंजिनापेक्षा पंखामुळे. आतला सगळा भार एकाच दणकट तुळईवर टाकण्याऐवजी अॅल्युमिनियमच्या अनेक कप्प्यांत आणि वरच्या पत्र्यात तो वाटून दिलेला होता. धातूची तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे आपण वर्गात दाखवतो. विमानाच्या पंखाचेही तेच होते, प्रत्येक हेलकाव्याला तो थोडासा वाकतो. भार जितका वाटलेला, तितका हा थकवा उशिरा येतो. म्हणूनच जन्मल्यानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनीही काही डाकोटा उडताना दिसतात.

रफीसाहेब आणि जेआरडी

स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई. माणूस धडाडीचा आणि थोडा हट्टीही. विमाने रात्री नुसती उभी असतात, पत्रे रात्री नुसती पडून असतात, मग दोघांची गाठ का घालू नये, असा त्यांचा साधा सवाल. संध्याकाळपर्यंत पेटीत पडलेले पत्र रात्रीत देशाच्या दुसऱ्या टोकाला गेले तर सकाळच्या वाटपात मिळेल. ३० जानेवारी १९४९ रोजी सेवा सुरू झाली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशातली पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना आली. आजोबांच्या तारेतल्या साध्या तिकिटांचे कोडे तिथे सुटते.

या योजनेला उघड विरोध केला तो जेआरडींनी. देशातल्या सर्वांत अनुभवी विमान कंपनीचा प्रमुख आणि स्वतः वैमानिक असलेला हा माणूस म्हणत होता की रात्रीच्या उड्डाणाला लागणाऱ्या सोयी आपल्या विमानतळांवर पुरेशा नाहीत आणि पैशांचे गणितही जमत नाही, तेव्हा घाई करू नका. किडवईंनी घाई केली. टाटांची कंपनी बाजूला राहिली आणि काम दुसऱ्या, लहान कंपन्यांकडे गेले. इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने सुरुवात केली, ती काही महिन्यांत थांबली. मग हिमालयन एव्हिएशनने सूत्रे घेतली, पुढे डेक्कन एअरवेजही त्यात आली आणि १९५३ नंतर सगळे इंडियन एअरलाइन्सकडे गेले.

कोणाचे बरोबर होते? हा प्रश्न आम्ही आजोबांना एकदा विचारला होता. ते म्हणाले, “दोघांचंही बरोबर होतं रे. म्हणूनच तर भांडण झालं.” आम्हाला तेव्हा हे उत्तर पळवाटेचे वाटले. आता तसे वाटत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

नागपूरच का?

नागपूरकरांना आपल्या शून्य मैलाच्या खांबाचा अभिमान असतो आणि ‘नागपूर मध्यभागी आहे म्हणून’ एवढ्यावर ते हा प्रश्न निकालात काढतात. पण मध्यभागी म्हणजे काय? कशाचा मध्य? इथे भूमितीच्या तासाला उपयोगी पडेल अशी एक सुंदर गोष्ट आहे.

चार शहरे, आणि आपल्याला असा बिंदू हवा आहे की तिथून चारही शहरांच्या अंतरांची बेरीज कमीत कमी यावी. नकाशावर मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास जोडा. एक पतंगासारखा चौकोन मिळेल. त्याचे कर्ण काढा, म्हणजे मुंबई ते कलकत्ता आणि दिल्ली ते मद्रास. हे कर्ण जिथे छेदतात तोच हवा असलेला बिंदू. सिद्धता आठवीतल्या मुलालाही कळेल. कोणताही बिंदू घ्या. त्याची मुंबई आणि कलकत्ता यांपासूनची अंतरे मिळून मुंबई-कलकत्ता या अंतरापेक्षा कमी होऊ शकत नाहीत, कारण त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठीच असते. दिल्ली-मद्रासचेही तसेच. दोन्ही बेरजा एकाच वेळी कमीत कमी व्हायच्या तर बिंदू दोन्ही रेषांवर असला पाहिजे, आणि असा बिंदू एकच: छेदनबिंदू.

आता तो कुठे पडतो? आम्ही अक्षांश-रेखांश घेऊन हिशोब केला. वर्धा आणि हिंगणघाट यांच्या आसपास! नागपूरचा विमानतळ दोन्ही कर्णांपासून पन्नासेक किलोमीटरच दूर आहे. त्यामुळे मुंबईहून कलकत्त्याला थेट गेले काय आणि नागपूरला वळसा घालून गेले काय, १६६० किलोमीटरच्या प्रवासात फरक पडतो दोन-तीन किलोमीटरचा. दिल्ली-मद्रासचेही जवळपास तेच. वळसा म्हणायलाही जीभ धजत नाही. रेल्वेच्या नकाशातही हेच आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास हे दोन मार्ग नागपूरलाच एकमेकांना छेदतात. जमिनीवर जे रुळांनी झाले तेच आकाशात टपालाने झाले.

दुसरा फायदा मोजणीचा. चार शहरे एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात, एकूण लांबी सुमारे ८२८० किलोमीटर. नागपूरमार्गे जोडली तर चार मार्ग, ३४३० किलोमीटर. मुंबई ६९०, दिल्ली ८५०, मद्रास ९१०, कलकत्ता ९८०. पाचवे शहर जोडायचे तर थेट पद्धतीत चार नवे मार्ग काढावे लागतील, नागपूर पद्धतीत एकच. अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेस या कंपनीने १९७३ साली मेम्फिस शहरात रात्री सगळी विमाने बोलवायची, पाकिटे वाटायची आणि पहाटे परत पाठवायची अशी पद्धत सुरू केली. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत तिचे गोडवे गायले जातात. नागपूरला तेच चोवीस वर्षे आधी चालले होते. मेम्फिसवाल्यांनी नागपूर पाहून ते केले, असे आम्ही म्हणत नाही. गरज तीच असली की भूमिती तेच उत्तर देते. पण आपल्या पुस्तकांत नागपूरची ओळही नसावी, याचे वाईट वाटते.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. प्लायवुडच्या फळीवर भारताचा नकाशा चिकटवा, चार शहरांच्या जागी भोके पाडा आणि कडा घासून गुळगुळीत करा. चार दोऱ्यांची टोके वर एका गाठीत बांधा, दुसरी टोके भोकांतून खाली सोडून प्रत्येकाला सारखे वजन लटकवा. फळी आडवी धरून हळूच टिचकी मारा. गाठ सरकत सरकत विदर्भात येऊन थांबते. समोरासमोरच्या दोऱ्या एकमेकींचा ओढा तोडतात, म्हणून तिथे समतोल होतो. मुंबईच्या दोरीला दुप्पट वजन लावले तर गाठ पश्चिमेकडे सरकते, म्हणजे टपाल कुठून जास्त येते याचाही हिशोब यात बसवता येतो.

रात्रच का?

डाकोटाचा प्रवासवेग ताशी २६० किलोमीटर धरू. मग नागपूर मुंबईपासून अडीच-पावणेतीन तास, दिल्लीपासून सव्वातीन, मद्रासपासून साडेतीन आणि कलकत्त्यापासून पावणेचार. कलकत्त्याचे विमान रात्री नऊला सुटले तर पाऊण वाजता नागपुरात. दीड-पावणेदोन तास थैल्या वाटायला, आणि सहा-सव्वासहाला परत घरी. म्हणजे एका डाकोटाच्या वेगाने एका रात्रीत जेवढा देश जोडता येतो, तेवढाच नेमका आपला देश आहे! विमान थोडे हळू असते, किंवा देश थोडा मोठा असता, तर ही योजना बसलीच नसती.

वैदर्भीय उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना रात्रीचा दुसरा फायदा लगेच कळेल. डाकोटाच्या आतली हवा दाबाखाली ठेवलेली नसे, म्हणून ते फार वर जाऊ शकत नसे. अडीच-तीन हजार मीटरच्या आसपासच उडे. मे महिन्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे गरम हवेचे फुगे याहूनही वर जातात. त्यांतून जाताना विमान डोंबाऱ्याच्या पोरासारखे वरखाली होई आणि खुर्चीपुढच्या कागदी पिशव्यांना काम मिळे. रात्री जमीन निवते, फुगे उठत नाहीत, हवा थराथरांनी शांत पडून राहते. शिवाय गरम हवा विरळ असते. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंच. तिथे ४४ अंश तापमानाला हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी होते, रात्री ३० अंशांना आठ-नऊ टक्क्यांनी. हवा विरळ झाली की पंखांची उचल, प्रोपेलरचा ओढा आणि इंजिनाची ताकद, तिन्ही एकदम घटतात. धावपट्टीच्या टोकाशी हे तीन-चार टक्केही मोलाचे.

पण रात्रीचे देणेही होते. पहिले म्हणजे, दिसत नाही. विमानात हवामानाचे रडार नव्हते. वळवाचा ढग विजेने स्वतःची ओळख देईल तेवढीच. त्या काळी अनेक विमानतळांवर धावपट्टीच्या कडेला रॉकेलचे पलिते लावत. दिशा शोधायची ती रेडिओच्या साहाय्याने, आणि इथे निसर्गाने एक खोडी काढून ठेवलेली आहे.

जमिनीवरचे दिशादर्शक केंद्र मध्यम लहरींच्या आसपासच्या लहरी सोडत असते. विमानातला कडीसारखा अॅन्टेना फिरवून त्या कुठून येतात ते कळते. दिवसा या लहरी जमिनीलगत सरळ येतात. वर गेलेल्या लहरी आयनांबराच्या सर्वांत खालच्या थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर नाहीसा होतो. मग वर गेलेल्या लहरी आणखी वरच्या थरावरून परावर्तित होऊन खाली येतात. आपल्या घरच्या रेडिओवर रात्री दूरदूरची केंद्रे ऐकू येतात ती यामुळेच. श्रोत्याला ही पर्वणी, पण वैमानिकाला फसवणूक. सरळ आलेली आणि वरून फिरून आलेली अशा दोन लहरी एकदम मिळाल्याने दिशेचा काटा डोलू लागतो, चुकीची दिशा दाखवतो. वैमानिक याला ‘नाइट इफेक्ट’ म्हणत. संध्याकाळी आणि पहाटे तो सर्वांत त्रासदायक, आणि केंद्रापासून दूर असताना जास्त. म्हणजे विमान चारी गावांहून निघे तेव्हा आणि परत पोहोचे तेव्हा, दोन्ही वेळा नेमका काटा बेइमान. अशा वेळी वैमानिक घड्याळ, होकायंत्र आणि वाऱ्याचा अंदाज यांवर भिस्त ठेवी, आणि रेडिओ अधिकारी कानाला यंत्र लावून मोर्सच्या टिकटिकीत जमिनीशी बोलत राही. जेआरडी ज्या सोयी मागत होते, त्या चैनीच्या नव्हत्या.

१२ डिसेंबर १९५३

त्या रात्री टपाल आणि दहा उतारू घेऊन एक डाकोटा नागपूरहून मद्रासकडे निघाले. उडाल्यावर थोड्याच वेळात एका इंजिनाची ताकद गेली. विमान परत उतरवण्याच्या प्रयत्नात कोसळले. तेरा माणसे गेली. वैमानिक तेवढा वाचला.

दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन गेले तर ताकद निम्मी होते, एवढेच आपल्याला वाटते. पण सरळ उडायला लागणारी ताकद वजा केल्यावर जी शिल्लक राहते, तिच्यावर विमान वर चढते. समजा उडत राहायला ६० भाग ताकद लागते आणि दोन इंजिने मिळून १०० देतात, तर चढायला ४० शिल्लक. एक इंजिन गेले तर मिळतात ५०, म्हणजे शिल्लक नाहीच, उलट तूट. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. प्रत्यक्षात हलके डाकोटा एका इंजिनावर तग धरी. पण भरलेल्या विमानाची शिल्लक शून्याच्या अगदी जवळ जाई. त्यातच बंद पडलेल्या इंजिनाचा प्रोपेलर वाऱ्यावर फिरत राहून उलट ओढत असतो. त्याची पाती वाऱ्याला समांतर करून तो थांबवावा लागतो. चालू इंजिन विमानाला एका बाजूला वळवू पाहते, तेही पायाने सुकाणू दाबून आवरायचे. हे सगळे काही सेकंदांत, अंधारात, जमीन शे-दोनशे मीटरवर असताना. दिवसा वैमानिक समोर एखादे मोकळे शेत पाहून उतरायचा प्रयत्न करू शकतो. रात्री शेत आणि विहीर सारखीच काळी.

आजोबा सोनेगावच्या रात्रींविषयी भरभरून बोलत. थैल्यांचे सुतळीचे तोंड, गरम तेलाचा वास, चहावाल्याचा कंदील, सगळे. या रात्रीविषयी मात्र कधी बोलले नाहीत. त्या दिवशी ते पाळीवर होते की नाही, हेही आम्हाला ठाऊक नाही. हा अपघात आम्हाला पुढे वाचनात सापडला.

म्हणून जेआरडी आणि किडवई यांच्या भांडणाचा निकाल लावताना आमचा हात अडखळतो. तंत्राच्या बाजूने जेआरडींचे म्हणणे खरे होते. पण सोयी पूर्ण होण्याची वाट पाहिली असती तर किती वर्षे गेली असती? सेवा सुरू झाली म्हणून दिवे आले, रेडिओ केंद्रे आली, रात्री उडणारे वैमानिक तयार झाले, असेही म्हणता येते. ज्यांनी ही किंमत मोजली त्यांना मात्र या वादात कोणी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र मिळालेल्या कोणालाही ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

नंतरची विमाने

पुढचा भाग थोडक्यात उरकतो. डाकोटांच्या जोडीला चार इंजिनांची स्कायमास्टर आली. एक गेले तरी तीन उरतात, हा त्यांचा मोठा दिलासा. १९५७ साली व्हायकाउंट आले आणि दट्ट्यांचा जमाना मावळू लागला. त्याच्या डार्ट इंजिनात दट्ट्या वरखाली होत नसे. टर्बाइन सतत एकाच दिशेने फिरे आणि प्रोपेलर फिरवी. हादरे इतके कमी की उतारू टेबलावर नाणे कडेवर उभे करून दाखवत. आतली हवा दाबाखाली ठेवलेली, म्हणून विमान ढगांच्या बऱ्याच वरून जाई आणि कानांत घालायचा कापूस, चघळायची गोळी यांची गरज कमी झाली. १९६१ पासून फॉकर फ्रेंडशिप, त्याच इंजिनाचे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कानपूरला जुळवलेले पहिले अॅव्हरो उडाले. १९६४ मध्ये कॅराव्हेल हे जेट आले. मुंबई-कलकत्ता थेट अडीच-तीन तासांत होऊ लागल्यावर नागपूरच्या मध्यरात्रीची गरज उरली नाही. दिवसाची उड्डाणेही वाढली होती. १९७३ मध्ये ती सेवा थांबली.

लहान गावांची विमानसेवा ही वेगळी आणि जास्त कष्टाची कथा. १९८१ साली ईशान्येकडच्या गावांसाठी वायुदूत निघाली. पुढे कानपूरला बनणाऱ्या एकोणीस आसनी डॉर्नियर विमानांनी ती देशभर पसरली आणि १९९३ साली तोट्याखाली मिटली. त्या डॉर्नियरमध्ये आम्ही लहानपणी एकदाच बसलो. बसण्यापूर्वी सामानाबरोबर आम्हालाही काट्यावर उभे केले होते. पोत्यासारखे आपलेही वजन होते याचा आम्हाला भयंकर अपमान वाटला होता. विमानाचा गुरुत्वमध्य कुठे पडतो यासाठी ते लागते, हे कोणी तेव्हा सांगितले असते तर! २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेत नांदेड-हैदराबाद उड्डाण सुरू झाले. १२ एप्रिल २०२२ रोजी कानपूरचेच डॉर्नियर आसाम-अरुणाचलात दिब्रुगड-पासीघाट मार्गावर पुन्हा प्रवासी घेऊन उडू लागले. राजाध्यक्ष समितीचा प्रश्न, आकाश मोठे पण गिऱ्हाईक थोडे, या मार्गांवर आजही जागच्या जागी आहे.

डाकोटा पाहायचेच असेल तर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. उडते हवे असेल तर हवाई दलाकडे ‘परशुराम’ आहे. ते इंग्लंडमध्ये दुरुस्त करून २०१८ साली हवेतूनच भारतात आणले. १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डाकोटांची आठवण म्हणून त्याच्या शेपटीवर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. टपाल वाहणाऱ्या डाकोटांचे मात्र असे एकही स्मारक सोनेगावला आमच्या पाहण्यात नाही.

ती तार आता आमच्याकडे आहे. सर्वांत खालचे, म्हणजे सर्वांत जुने पाकीट मद्रासहून आलेले आहे. पत्र आजोबांच्या धाकट्या भावाचे, नोकरी लागल्याचे. शाई उडाली आहे, पण दोन्ही शिक्के लख्ख वाचता येतात, आणि त्यांत एकच रात्र आहे.